बहकणारी घरगाडी आणि सरळगावचा रस्ता

आमच्या मातोश्रींचे वय आता ७८. माहेर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अंगाला. बहिणी चार. एक खर्डीला दिलेली, एक किन्हवलीकडे, एक डोळखांबच्या आतल्या पाड्यावर आणि धाकटी मुरबाडजवळ. आईचे गुडघे गेल्यापासून एसटीची पायरी चढणे बंद झाले आणि बहिणींच्या भेटीही बंद झाल्या. मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा हातात आलेल्या फंडाच्या पैशातून काय करायचे, यावर घरात बरीच चर्चा झाली. मुलगा म्हणाला, फ्लॅट बुक करू. मी मात्र एक जुनी घरगाडी घेतली.

घरगाडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. पंधरा माणसे बसतील अशा टेंपोतली आसने काढून आत दोन बाके-बिछाने, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी आणि कपाट बसवलेली गाडी. इंग्रज लोक अशा गाड्या घेऊन महिनोन्‌महिने हिंडतात. आपल्याकडे राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा गाड्यांचे नाव जरा कानावर पडू लागले. आमची गाडी त्याआधीच कुणीतरी हौसेने बनवून घेतलेली होती. पुढे त्याची हौस फिटली आणि गाडी आमच्या दारात आली. मी कागदपत्रे नीट पाहिली होती. गाडीच्या रचनेत केलेला बदल आरसी पुस्तकात नोंदलेला आहे की नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बघावे लागते, ते बघितले. नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरले. इंजिन झकास होते. रंग तर नव्या नवरीसारखा.

पहिली सफर नाशिकची. त्रिरश्मी लेणी आईला दाखवायची फार दिवसांची इच्छा होती. जाणे झाले, लेणी पाहणे झाले. खालच्या पायऱ्यांपर्यंतच आई आली, पण समाधानाने बसून राहिली. येताना मात्र जे घडले ते अजून आठवले की अंगावर काटा येतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. घाईची माणसे आता तिकडून जातात. आम्हाला खर्डीला मावशीकडे थांबायचे होते, म्हणून जुन्या आग्रा रोडने कसारा घाट उतरत होतो. याच डोंगरात रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. गाडीला मागून जादा इंजिने लावतात, हे त्या मार्गावरच्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. मोटारीला मागून धरणारे कुणी नसते. घाट संपत आला आणि एक मोठा ट्रेलर उजव्या बाजूने वेगात पुढे गेला. त्याच्या वाऱ्यासरशी आमची गाडी आधी डावीकडे ढकलली गेली, मग उजवीकडे ओढली गेली. मी स्टिअरिंग डावीकडे वळवले तर ती जास्तच डावीकडे गेली. पुन्हा उजवीकडे वळवले तर ट्रेलरच्या मागच्या चाकाकडे निघाली. तीन-चार हेलकावे बसले. गाडी उलटली नाही, एवढेच. मागे आई बिछान्याच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती. तोंडातून शब्द नाही.

खर्डीला उतरल्यावर ती म्हणाली, "बाळा, ही गाडी पिऊन चालल्यावानी चालते. म्हसाच्या जत्रेत बैल घेताना तुझा आजा आधी दात बघायचा, मग चार पावलं चालवून बघायचा. तू नुसता रंग बघितलास."

पौष पौर्णिमेला भरणारी मुरबाडजवळची म्हसाची यात्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. आईचे माहेर त्याच मुलखातले. तिला बैल कळत होता. मला गाडी कळत नव्हती. तिने पुढे सांगून टाकले की, या गाडीत मी पुन्हा बसायची नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी स्टिअरिंग हातात धरून दोनदा हलवले आणि म्हणाले, स्टिअरिंग बॉक्स गेला, अख्खा बदलावा लागेल. आकडा ऐकून मी पाणी मागितले. सुदैवाने शहापुरात आमच्या ओळखीचे एक वस्ताद आहेत. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच होता.

"दादा, टायर कोणत्या सालचा आहे?"

मला काय ठाऊक! नक्षी तर चांगली खोल दिसत होती. वस्तादांनी खाली बसून टायरच्या बाजूवर चार आकडे दाखवले. वाचकहो, हे चार आकडे प्रत्येकाने आपल्या गाडीवर जरूर बघावेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या पुढच्या दोन्ही टायरांवर २३१६ होते. म्हणजे २०१६ सालातला तेविसावा आठवडा. घरगाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर उन्हात वाळते, बाजूला बारीक चिरा पडतात, आतले थर सुटतात. एका टायरला आतल्या बाजूने लिंबाएवढा फुगा आला होता. ५५-६० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असे, त्याचे कारण तिथेच सापडले. हवाही दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी होती. कमी हवेचा टायर वळताना आधी स्वतः वाकतो, मग गाडीला वळवतो.

"खालून वर जायचं," वस्ताद म्हणाले. "आधी जमीन, मग टायर, मग वजन, मग सांधे. बॉक्स सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात. हातात स्टिअरिंग असतं, म्हणून दोष स्टिअरिंगातच वाटतो."

वजनाचे म्हणाल तर आम्ही वजनकाट्यावर गेलो. गाडी सगळी काट्यावर घेतली तेव्हा ३,४६० किलो. आरसीवरच्या मर्यादेत बसत होती. मग वस्तादांनी फक्त पुढची चाके काट्यावर ठेवायला सांगितली. तिथे भरले १,०९० किलो. म्हणजे मागच्या चाकांवर २,३७०. कारण उघड होते. २०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, अगदी शेपटीला बसवलेली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शिवाय लोखंडी कपाट आणि सिलिंडरही तिकडेच. मुलांचा सी-सॉ असतो तसे झाले होते. मागचे टोक दबले की पुढचे उचलते. पुढच्या चाकांवर भार कमी, म्हणून त्यांची जमिनीवरची पकड कमी. वळवायला जावे तर गाडी जरा उशिराने ऐकते, आणि ऐकते तेव्हा जास्त ऐकते.

शेजारी टँकरवाला उभा होता, तो हसून म्हणाला की, टाकी भरलेली होती की अर्धी, ते विचारा. अर्धी होती. उन्हाळ्यात या तालुक्यात टँकर चालवणाऱ्याला हे शाळेत न शिकवता कळते. पूर्ण भरलेल्या टाकीतले पाणी एका जागी राहते. अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर एका कडेला धावते, मग दुसऱ्या कडेला, आणि गाडी सावरत असतानाच मागून ढकलते. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे, पुढे वैतरणा आणि भातसाही आले; आणि त्याच शहापुरातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हा विषय निराळा, पण आमच्या गाडीचे निदान अशा टँकरवाल्याने केले म्हणून सांगितले.

मग सांधे. वस्तादांनी गाडी जॅकवर न घेता चारही चाकांवरच उभी ठेवली. मला स्टिअरिंगवर बसवले आणि सांगितले, "थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, नुसतं हलवत राहा." स्वतः गोणपाट पसरून खाली गेले आणि एकेका सांध्यावर बोटे ठेवत चालले. गाडीचे वजन चाकांवर असतानाच सांध्यातला ढिलेपणा बोटाला लागतो, जॅकवर घेतली की कधी कधी तो लपतो. बॉक्समधून निघणारा दांडा हलत होता, पण ड्रॅग लिंकच्या टोकाचा बॉल आधी आपल्या घरात खडखडत होता आणि मग पुढचा भाग हलत होता. तिथे चांगला प्ले होता. त्यांनी माझाच हात धरून तिथे ठेवला. दात हलावा तसा तो हलत होता.

यानंतर पुढचे चाक उचलले. वरखाली धरून हलवले तर जरा खुळखुळले. आता हा खुळखुळाट हबच्या बेअरिंगचा की किंग पिनचा? त्यांनी मला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली, म्हणजे दोष बेअरिंगचा; थांबली नसती तर किंग पिनचा, आणि ते काम मोठे. इतकी साधी युक्ती! बेअरिंग फक्त ढिले होते. साफ करून, नवे ग्रीस भरून, आवळून, नवी कॉटर पिन घातली.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. स्टिअरिंगच्या कुठल्याही दांड्याला, बॉलजॉइंटला वेल्डिंग करून काम भागवू नका. पाचशे रुपये वाचतात, पण घाटात काय जाईल ते सांगता येत नाही. जुनी कॉटर पिनही पुन्हा वापरू नये.

बॉक्सचे गूढ शेवटी उलगडले. आधीच्या मालकाच्या कुण्या मिस्त्रीने प्ले कमी दिसावा म्हणून बॉक्सवरचा अ‍ॅडजस्ट करायचा स्क्रू गच्च आवळून ठेवला होता. प्ले होता ड्रॅग लिंकमध्ये, आवळला बॉक्स. त्यामुळे स्टिअरिंग मध्यावर घट्ट बसायचे आणि वळणानंतर आपोआप सरळ यायचे नाही. चालवणाऱ्याला ते परत आणावे लागे, आणताना जरा जास्तच येई, मग पुन्हा उलट वळवावे लागे. कसारा घाटात माझे जे हेलकावे झाले त्यात या आवळलेल्या स्क्रूचा मोठा वाटा होता. ड्रॅग लिंक सोडवून, बॉक्स बरोबर मध्यावर आणून वस्तादांनी तो पुन्हा मापात बसवला. नवा बॉक्स घेण्याची गरजच नव्हती.

ड्रॅग लिंकचे टोक नवे बसवले, पुढचे दोन टायर नवे घातले, बॅलन्सिंग केले, पाट्यांच्या शॅकलमधले कुजलेले बुश बदलले. पाण्यासाठी १०० लिटरची लहान टाकी घेऊन ती ड्रायव्हरच्या पाठीमागे खाली बसवली आणि ७० किलोचे लोखंडी कपाट काढून टाकले. सौभाग्यवतींनी कपाटासाठी दोन दिवस अबोला धरला. पण काट्यावर आता पुढच्या चाकांवर १,२८० किलो भरले आणि एकूण वजन ३,२९० वर आले.

तरीही एक खोड राहिलीच. सरळ जायला स्टिअरिंग जरासे डावीकडे वळवून धरावे लागे. सोडले की गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या अंगावर निघे.

"चला सरळगावला," वस्ताद म्हणाले. मला वाटले थट्टा करतात. पण खरोखरच शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणारा रस्ता म्हणजे गाडी तपासायची प्रयोगशाळा आहे. शहापूर सोडले की माहुली किल्ल्याचे सुळके मागे राहतात. महामार्गाचा गोंगाट संपतो. भाताची खाचरे, सागाची झाडे, मध्येच एखादा पाडा, शाळेतून येणारी मुले. रस्ता कधी गुळगुळीत, कधी ठिगळांचा. कडेची साइडपट्टी खचलेली, त्यामुळे समोरून एसटी आली की डावी चाके खाली उतरवावी लागतात आणि पुन्हा वर घ्यावी लागतात. सैल सांध्याची गाडी तिथे लगेच ओळखू येते. वर चढताना ती एकदम झेप घेते. आमची आता घेत नव्हती.

एका मोकळ्या सरळ पट्ट्यात वस्तादांनी वेग कमी करायला लावून हात सैल सोडायला सांगितला. मागेपुढे कुणी नाही याची खात्री करूनच, आणि हात स्टिअरिंगपासून चार बोटांवर ठेवून. गाडी उजवीकडे निघाली. "बघा, रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो. म्हणजे निरोगी गाडी सोडली तर जराशी डावीकडे जायला पाहिजे. ही चढाकडे चालली. हा दोष रस्त्याचा नाही." पुढच्या चाकांची डावी-उजवी अदलाबदल करून पाहिली, टायरमुळे ओढत असती तर ओढ दुसऱ्या बाजूला गेली असती. गेली नाही.

मोटारसायकलवर मागून येणारा आमचा भाचा किन्हवलीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "मामा, गाडी मागून बघितली तर कुत्रं तिरकं पळतं ना, तशी दिसते." वस्तादांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. सुताची दोरी मागवली. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी ताणून गाठ मारली. तीच दोरी डाव्या बाजूला लावली, तर गाठ बोटभर कमी पडली. डावे मागचे चाक बोटभर मागे सरकले होते! खाली पाहिले तर डाव्या पाट्यांना अ‍ॅक्सलवर जागच्या जागी धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला, आणि यू बोल्ट सैल. कधीतरी खड्ड्यात आपटलेल्या चाकाने अ‍ॅक्सलचे डावे टोक मागे नेले होते. मागची चाके डावीकडे तोंड करून चालत होती, म्हणून गाडीची शेपटी डावीकडे आणि नाक उजवीकडे जात होते. महिनाभर आम्ही पुढे शोधत होतो. दुखणे मागे होते.

बोल्ट साधाच, पण त्या दिवशी किन्हवलीत मिळाला नाही. सावकाश शहापूरला परतलो, दुसऱ्या दिवशी बोल्ट आणि नवे यू बोल्ट घातले, दोरी पुन्हा लावली, गाठ जुळली. त्यानंतर मशीनवर अलाइनमेंट करून घेतले. ते आधी केले असते तर पैसे पाण्यात गेले असते, कारण सैल सांध्यांवर आणि सरकलेल्या अ‍ॅक्सलवर केलेले अलाइनमेंट दुसऱ्या खड्ड्यापर्यंतच टिकते. सारा खर्च त्या गॅरेजवाल्यांनी सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला आणि त्यातही मोठा भाग टायरांचा होता.

राहिली आई. तिला कसे बसवायचे? मी काही बोललो नाही. वस्तादच घरी आले. "जयभीम आक्का, गाडीचे दात बघितले, चालवूनही बघितली. आता मी मागे तुमच्याजवळ बसतो, तुमचा मुलगा चालवील." आई थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पाण्याची टाकी कुठं ठेवली?" दाखवली. तेव्हा चढली.

किन्हवलीच्या मावशीकडे भाकरी-चटणी झाली. काळूचे खोरे ओलांडून सरळगावला आलो आणि कल्याणहून माळशेजला जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागलो. टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याकडे जाताना समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि तिच्यात नाणेघाटाची खाच व अंगठ्यासारखा कडा दिसू लागतो. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल बैलांच्या पाठीवरून याच घाटाने जुन्नरकडे जाई. वर जकातीचा दगडी रांजण अजून आहे, गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्या चढावर बैलाच्या पाठीवरचे ओझे एका अंगाला कलले तर काय होत असेल, असे माझ्या मनात येऊन गेले. महिनाभर मला दुसरे काही सुचतच नव्हते.

एवढ्यात वाळूचा एक ट्रक भरधाव बाजूने गेला. माझे हात आपोआप घट्ट झाले. गाडी किंचित हलली आणि आपली आपण सरळ झाली. मी आरशात पाहिले. वस्ताद माझ्याकडे पाहत होते. आई उशीला टेकून झोपली होती.

नवे यू बोल्ट शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात, असे वस्तादांनी बजावले होते. म्हणून त्याच आठवड्यात पुन्हा त्यांच्या दारात गाडी नेली. दोन बोल्ट अर्धा-अर्धा आटा बसले. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. आई गाडीतच बसून होती; खिडकीतून तिने त्यांना विचारले, "डोळखांबचा रस्ता कसा आहे हो?"